ब्रेकचं बिल अर्ध्याहून कमी कसं झालं (माझा अनुभव)

ब्रेक मारला की पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला म्हणून नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली, तर त्यांनी पॅड (डिस्कवर दाबून चाक थांबवणारे तुकडे), डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती), वर इंजिन फ्लश (इंजिन आतून साफ करणं, ब्रेकशी संबंध नाही) असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. मी हो म्हटलं नाही. अजून दोन गॅरेजला गेलो, पण तिथे पहिलं एस्टिमेट दाखवलंच नाही, कारण आकडा दिसला की समोरचा त्याच्याच थोडंसं खाली सांगतो. फक्त आवाज सांगितला आणि चाक काढून बघा म्हटलं.

पॅड २ मिमीवर आले होते (नवीन साधारण १० ते १२ मिमी असतात) आणि आवाज पॅडवरच्या छोट्या पत्र्याचा होता, पॅड संपत आला की तो डिस्कला घासतो, मुद्दाम त्यासाठीच बसवलेला असतो. डिस्कची कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच लिहिलेली असते, मेकॅनिकने मापून दाखवली, अजून बरीच बाकी होती. म्हणजे डिस्क बदलायची गरजच नव्हती!

तुलना करताना नुसता शेवटचा आकडा बघू नका, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, पार्टचा ब्रँड आणि वॉरंटी पण. एकजण सगळ्यात स्वस्त होता पण पॅड कुठल्या कंपनीचे ते सांगेना, तिथे नाही दिली गाडी, ब्रेकमध्ये असली बचत नकोच. दुसऱ्याकडे पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, खरंच बदलले याची खात्री म्हणून जुने पॅड परत मागितले, आवाज बंद.