हेडनच्या पद्धतीचं निसर्गचित्र: तांब्यावर एचिंग

सीमोर हेडन हा लंडनचा सर्जन, आणि एचिंग करणारा चित्रकारही. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरची रेघ आम्लाने खोल करून तिच्यात शाई भरून छापणं. त्याच्या ‘अ सनसेट इन आयर्लंड’ (१८६३) या चित्रातल्या झाडांचा मखमली काळोख मुख्यतः ड्रायपॉइंटचा, म्हणजे सुईने थेट तांब्यात ओरखडलेल्या रेघांचा आहे, आम्लाचा नव्हे.

हेडन ग्राउंड (आम्ल रोखणारा मेणासारखा थर) चढवलेला पत्रा आम्लात ठेवूनच सुईने रेखाटायचा: जवळचं आधी, क्षितिज शेवटी. आधीची रेघ जास्त वेळ खाल्ली जाते, म्हणून गडद. आम्लाऐवजी तांबं खाण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरलं तर हे जमत नाही. गडद तपकिरी द्रावणात रेघ दिसतच नाही. मग क्रम उलटा. सगळं चित्र आधीच रेखाटा. साधारण ५ मिनिटांनी पत्रा धुऊन, वाळवून क्षितिज वार्निशने झाका, एकूण १५ मिनिटांनी मधला भाग. झाडांना एकूण ४० लागतात. वेळा आधी फालतू तुकड्यावर तपासा, थंडीत त्या वाढतात. पत्रा कोपऱ्यांना टेकू देऊन पालथा ठेवा, नाहीतर गाळ रेघांत बसतो आणि खाणं मंदावतं. हातमोजे हवेतच.

ग्राउंड पुसल्यावर झाडांच्या सावल्या सुईने थेट तांब्यात ओरखडा. कडेला उठलेली कोर खरवडू नका, शाई तीच धरते. छापण्याआधी जादा शाई पुसताना हात हलका. प्रेसच्या दाबाने ही कोर तशीही लवकर झिजते, त्यामुळे चाचणीच्या प्रती मोजक्याच काढा. कागद ओलसर हवा, पाणी चमकणारा नको.