अपघात करून गाडी पळाली, नंबरही मिळाला नाही, तरी भरपाई कशी मागायची

धडक देऊन गाडी पळून गेली, अंधारात नंबर कुणी बघितला नाही, की घरात पहिलं वाक्य येतं ते हेच, आता मागणार कोणाकडे. आणि बऱ्याच घरांत विषय तिथेच संपतो, याचं फार वाईट वाटतं, कारण नेमकी यासाठीच कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली 1 एप्रिल 2022 पासून हिट अँड रनची भरपाई योजना लागू आहे, गाडी सापडली नाही तरी मृत्यू झाला असेल तर वारसांना 2 लाख आणि गंभीर दुखापत असेल तर 50 हजार रुपये मिळतात. आधी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. आजही रक्कम कमीच आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये सरकारला ती वाढवण्याचा विचार करायला सांगितलंय, पण जी आहे ती हक्काची आहे, सोडायची कशाला.

सगळ्यात आधी जखमी माणूस. 112 किंवा 108 लावा, पोलिसांच्या लफड्यात अडकू म्हणून थांबू नका, मदत करणाऱ्याला कलम 134अ चं संरक्षण आहे, त्याने स्वतःचं नाव-पत्ता द्यायचीसुद्धा सक्ती नाही. दवाखान्याने आधी पैसे भरा किंवा आधी पोलिसांना आणा असं म्हणून इमर्जन्सी उपचार अडवायचे नसतात, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय. 2025 पासून रस्ते अपघातासाठी कॅशलेस उपचाराची योजना पण आहे, ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिले 7 दिवस, दीड लाखापर्यंत. अॅडमिट करतानाच विचारा, नंतर बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो. आणि केसपेपरवर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस (दवाखान्याने पोलिसांना कळवायची केस), अशी नोंद झालीये का ते डोळ्यांनी बघून घ्या.

मग पोलीस स्टेशन. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. गाडी माहीत नाही म्हणून गुन्हा नोंदवता येत नाही असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे, एफआयआर 'अज्ञात वाहन' असं लिहून होते आणि ती तशीच व्हायला हवी. अपघात दुसऱ्या हद्दीत झाला असेल तरी कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर घेतात, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. जबाब देताना जे आठवतं ते सगळं सांगा, गाडीचा रंग, लहान कार की टेम्पो, कोणत्या दिशेला गेली. रस्त्यावर पडलेला आरशाचा तुकडा, बंपरचं प्लास्टिक, लाइटची काच, यातलं काही स्वतः उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि पंचनाम्यात त्याची नोंद येईल असं बघा. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या की या या ठिकाणचं फुटेज ताब्यात घ्यावं, आणि आपल्या कॉपीवर सही-शिक्का घ्या. तक्रार घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आता दुखापतीच्या दाखल्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमचं घोडं इथेच अडलं होतं. माझ्या आतेभावाला रात्री कामावरून येताना एका गाडीने उडवलं, डाव्या पायाचं हाड मोडलं, रॉड टाकला, पण दाखल्यावर लिहिलेलं काय तर 'डाव्या पायाला मार'. बस एवढंच. अर्ज परत आला, गंभीर दुखापत दिसत नाही म्हणून. एक्सरेची फिल्म घरी पिशवीत पडून होती, त्यावर फ्रॅक्चरची रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, पण ती कुणी अर्जाला जोडलीच नव्हती. मग परत डॉक्टरांकडे जाऊन दाखला दुरुस्त करून आणला, त्यात दोन महिने गेले. म्हणून सांगतो, हाड किंवा दात मोडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा 15 दिवस रोजची कामं करता न येणं, हे सगळं कायद्याने गंभीर दुखापतीत मोडतं, आणि यातलं जे झालंय ते दाखल्यावर स्पष्ट शब्दांत हवं. डिस्चार्ज घेतानाच वाचा, कळत नसेल तर डॉक्टरांनाच वाचून दाखवायला सांगा.

अर्ज द्यायचा तो प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसात, आणि अपघात जिथे झाला त्या भागातल्या, तुम्ही राहता तिथल्या नाही. फॉर्म 1 हा अर्ज, फॉर्म 4 हे हमीपत्र. सोबत एफआयआर, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकची कॉपी, हॉस्पिटलचे कागद, दुखापतीचा दाखला, आणि मृत्यू झाला असेल तर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला. आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तिथून चौकशी होऊन एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, त्यांनी 15 दिवसांत मंजुरी द्यायची आणि मग जनरल इन्शुरन्स कौन्सिलने (विमा कंपन्यांची संस्था) पुढच्या 15 दिवसांत पैसे खात्यात टाकायचे, असं योजनेत लिहिलंय. प्रत्यक्षात चकरा माराव्या लागतात, पण मुदत माहीत असली की विचारताना आवाज खाली जात नाही. आणखी एक, महिन्याभरात गाडी सापडली नाही तर या योजनेची माहिती जखमीला किंवा वारसांना पोलिसांनीच लेखी द्यायची, असा सुप्रीम कोर्टाचा 12 जानेवारी 2024 चा आदेश आहे. ते पत्र आलं नसेल तर जाऊन मागा.

गाडी सापडली तर मात्र रस्ता बदलतो. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम 166 खाली दावा करायचा, तिथे पगार, वय, घरात कोण कोण अवलंबून आहे असं सगळं धरून रक्कम ठरते आणि ती 2 लाखांपेक्षा कितीतरी जास्त असू शकते. कायद्यात यासाठी अपघातापासून 6 महिने दिलेत, तेव्हा रेंगाळू नका. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही हा दावा चालतो. योजनेतून आधी पैसे घेतले असतील तर ते या रकमेतून वळते होतात, हमीपत्र त्यासाठीच असतं.

आणि घरातले कागद पण काढून बघा, याकडे कुणाचं लक्षच जात नाही. जखमी माणूस स्वतःच्या नावावरची गाडी चालवत असेल, लायसन असेल आणि पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असेल तर मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 15 लाख आहेत, समोरची गाडी सापडो न सापडो. बँक पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते, अपघाती मृत्यूला 2 लाख, लगेच ब्रँचमध्ये जा. महाराष्ट्रातलं शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या अपघात योजनेचं कृषी ऑफिसात विचारा.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबलं असेल तर 15100 वर फोन करा, ती विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे फुकट वकील मिळतो, जाताना एफआयआरची कॉपी आणि ती पोच तेवढी सोबत न्या.