तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावताय? या चुका टाळा

श्रावण जवळ आला की कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीची तालीम सुरू होते. बारा बायका, एक लॅपटॉप आणि ‘टेक्निकल’ कामाला मी. म्हणजे व्हिडिओ संपला की धावत जाऊन तो पुन्हा लावायचा. तिसऱ्या दिवशी एका काकूंनी विचारलं, “अरे, हा आपोआप नाही का रे लागत?” लागतो. पण ते जमेपर्यंत आम्ही बहुतेक सगळ्या चुका करून झालो होतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ऑटोप्लेला रिपीट समजणं. यूट्यूबचं ऑटोप्ले पुढचा व्हिडिओ लावतं, तोच नाही. आमची फुगडी संपली आणि स्पीकरवर पुरणपोळीची रेसिपी सुरू झाली! शॉर्ट्स आपोआप फिरत राहतात, त्यामुळे मोठे व्हिडिओही फिरतील असं वाटतं. तसं होत नाही. आपल्याला हवा असतो लूप, म्हणजे तोच व्हिडिओ फिरत ठेवणारा पर्याय. लॅपटॉपवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की यादीत तो दिसतो. फोनच्या अ‍ॅपमध्ये मात्र दडवून ठेवलाय: व्हिडिओवर टॅप, कोपऱ्यातलं दातेरी चाक, मग ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’, त्यात ‘लूप व्हिडिओ’. अपडेटनंतर नाव किंवा जागा थोडी बदललेली दिसली, तरी चाकाच्या आतच शोधा.

पान रिफ्रेश केलं की लूप जातो, पुन्हा लावावा लागतो. आणि प्लेलिस्टचा लूप अख्खी यादी फिरवतो. एकच गाणं हवं असेल तर सरळ एकाच व्हिडिओची प्लेलिस्ट करा.

खरी अडचण याच्या पुढची. आम्हाला सात मिनिटांचा व्हिडिओ नको होता, पिंग्याची वीसेक सेकंदं हवी होती. लूप सुरुवातीपासून फिरतो आणि वर मध्येच जाहिरात; गिरकी घेता घेता बायका साबणाची जाहिरात बघत उभ्या. लूपमुळे जाहिराती थांबत नाहीत, त्याला यूट्यूबचं पैसे भरून घ्यायचं प्रीमियम लागतं. मग एका ताईंनी गेल्या वर्षी फोनवर काढलेला आमचाच व्हिडिओ काढला. असा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दाबला जाऊन पाऊल कुठे पडतंय तेच दिसत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तो उघडून ‘व्ह्यू’मधून ‘अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स’ चालू केले की ए-बीचं बटण येतं. स्टेप सुरू होताना एकदा दाबा, संपताना दुसऱ्यांदा. तेवढाच तुकडा फिरत राहतो. तिसऱ्यांदा दाबलं की सुटतो. वेगही कमी करता येतो. माझ्या मते तालमीला याहून चांगलं काही नाही. पूर्ण फाइल फिरवायची असेल तर तिथलंच रिपीटचं बटण वापरा. पण पहिल्या दाबाला यादी फिरते, दुसऱ्याला एकच फाइल.

आमच्यातल्या एक ताई ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येतात. गाडीत गाणं घोकायचं म्हणून त्या लूप लावून फोन लॉक करून पर्समध्ये टाकायच्या आणि आवाज बंद. “माझा फोनच बिघडलाय,” असं त्या आठवडाभर सांगत होत्या. फोन ठणठणीत होता. फुकटच्या यूट्यूब अ‍ॅपमध्ये स्क्रीन बंद झाली की व्हिडिओही थांबतो. आता त्यांच्या फोनमध्ये तालमीचा नुसता ऑडिओ भरून दिलाय. ऐरोलीपासून त्यांची मान हलायला लागते, असं शेजारी बसणारी मैत्रीण सांगते.