कॅनन, निकॉन की सोनी? कॅमेऱ्याची कंपनी निवडताना या चुका टाळा

दिवाळीचा बोनस जमा झाला की असा फोन हमखास येतो. "काका, कॅनन घेऊ की सोनी? निकॉन बरा म्हणतात काही जण." मी विचारतो, फोटो कसले काढणार? जरा वेळ शांतता, मग उत्तर येतं, "सगळेच." पुढचा अर्धा तास त्या "सगळेच"ची फोड करण्यात जातो. लग्नं, पक्षी, ट्रेक, बाळाचे फोटो की यूट्यूब, हे ठरलं की कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. आधी कंपनी ठरवून मग कामाकडे वळलं की पुढच्या बहुतेक चुका ओघाने होतात.

बॉडी बघून सोयरीक जुळवणं

दुकानात आपण बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हातात घेऊन बघतो, पण सोयरीक जुळते ती माउंटशी, म्हणजे लेन्स ज्यावर बसते त्या धातूच्या कड्याशी. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स पंधरा वर्षं सहज चालते, आणि ती बसते फक्त आपल्या घराण्यातल्या बॉडीवर. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. आता दोघांचाही सगळा जोर मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, झेड (निकॉन) आणि आरएफ (कॅनन) या २०१८मध्ये आलेल्या माउंटवर आहे. सोनीचा ई माउंट २०१०पासून आहे, फुजीचा एक्स २०१२पासून.

माउंट मरतातही. सॅमसंगने एनएक्स कॅमेरे बंद केले, निकॉन १ ही मालिका २०१८मध्ये संपली, कॅननची ईएफ-एम २०२३मध्ये. त्यामुळे कोणी ईएफ-एमचाच "एम५० आहे, दोन लेन्ससकट स्वस्तात देतो" म्हटलं तर कॅमेरा वाईट नाही, पण त्या माउंटला कंपनीकडून नवी लेन्स येणार नाही, हे धरूनच भाव करा.

जुन्या लेन्स घरात असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर व्यवस्थित फोकस करतात. निकॉनमध्ये जरा गुंता आहे. एएफ-डी प्रकारच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर त्यांना फिरवते. अशा लेन्सच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक बसेल अशी बारीक खाच असते आणि मोटर असलेल्या बॉडीच्या कड्यावर तसंच टोक बाहेर आलेलं दिसतं. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६००ची लेन्स काढून बघा, ते टोक नाही. झेड बॉडीसाठीच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही. मामांनी दिलेली ५० एमएम एफ १.८ डी तिथे बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. "लेन्स बिघडलीय" म्हणून दुकानात परत येणाऱ्या बऱ्याच लेन्स अशा धडधाकट असतात.

सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांचा विचारही इथेच करायला हवा. सोनीच्या ई माउंटला या दोघांच्या लेन्स सर्वांत जास्त आहेत. कॅननने आरएफचं दार बाहेरच्यांच्या ऑटोफोकस लेन्सना एप्रिल २०२४मध्ये उघडलं, तेही सुरुवातीला छोट्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सपुरतं. निकॉन या दोघांच्या मधे कुठेतरी. बजेट आवळलेलं असेल तर माझ्या मते हा मुद्दा मेगापिक्सेलपेक्षा दहापट महत्त्वाचा आहे.

फोटोतल्या फरकावरून भांडणं

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. निकॉन आणि फुजीच्या अनेक कॅमेऱ्यांतले सेन्सर सोनीने बनवलेले असतात. "कॅननचा स्किन टोन" हा वाद कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगपुरता खरा आहे. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) काढली आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार रंग जुळवणं) नीट ठेवला की त्यातलं फारसं काही उरत नाही. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा मंडप, पिवळ्या साड्या आणि पिवळा बल्ब असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स कुठल्याही कंपनीचा असो, नवरी निळसर नाही तर काविळीची दिसणारच.

लांबच्या लेन्सचा हिशेब न करणं

कंपन्यांमधला खरा फरक पक्षी आणि प्राणी टिपणाऱ्यांना जाणवतो. सोनीची २००-६०० एमएम एफ ५.६-६.३ ही २०१९ची लेन्स, झूम केली तरी लांबी बदलत नाही, वजन दोन किलोंच्या वर. निकॉनची १८०-६०० त्याच जातीची, २०२३ची. त्याच वर्षी कॅननने २००-८०० आणली, पण ती ८००ला एफ ९ होते. एफपुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो. ताडोब्यात सकाळी गेट उघडल्यावर पहिला अर्धा तास उजेडच नसतो. तेव्हा एफ ९ आणि एफ ६.३ यांच्यात पूर्ण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फरक पडतो; मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००च्या जागी ६४०० ठेवावा लागतो. उलट भर दुपारी लांबच्या फांदीवरच्या घुबडासाठी तेच जास्तीचे २०० एमएम कामी येतात.

आणि दोन किलोंचं करायचं काय? जिप्सीच्या दांड्यावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवता येते. हरिश्चंद्रगड चढताना तीच लेन्स खांदा उतरवते. त्यासाठी कॅननची आरएफ १००-४०० आहे, जेमतेम ६३५ ग्रॅमची. छोट्या सेन्सरच्या कॅनन बॉडीवर ती ६४०सारखी दिसते. ४००ला एफ ८ आहे, त्यामुळे उन्हात छान, झाडीत कठीण.

सेटिंगचा दोष कंपनीच्या माथी मारणं

ही चूक मी स्वतः केलीय, आणि ती महाग पडली. भिगवणला जानेवारीत फ्लेमिंगो टिपायला गेलो होतो. कुंभारगावातून होडी घेतली, साडेदहाच्या सुमाराला पाण्यावर पोहोचलो, तीनशे-चारशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही पक्षी धारदार नाही. सगळ्यांच्या कडा लोण्यासारख्या. फोकस कामाचा नाही असं ठरवून अख्खा संच निम्म्या भावात विकला आणि दुसऱ्या कंपनीचा घेतला. पुढच्या जानेवारीत तीच होडी, तीच वेळ, तेच लोणी. होडीवाला माझी चिडचिड बघून म्हणाला, "सायेब, सातला या. आत्ता ऊन पाण्यावर नाचतंय." तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरत होती. वर मी "संरक्षण म्हणून" तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लेन्सपुढे लावलेला, तो जुन्या लेन्सवरून काढून नव्यावर चढवला होता. कंपन्यांची नावं सांगत नाही, दोष दोघींचाही नव्हता.

तेव्हापासून कोणी "फोटो सॉफ्ट येतात" म्हटलं की मी आधी फिल्टर काढायला लावतो. मग ट्रायपॉड, सकाळची थंड हवा आणि वीस फुटांवर भिंतीला लावलेलं छापील कॅलेंडर. त्यावरचे तिथी-नक्षत्राचे बारीक आकडे स्वच्छ आले तर लेन्स ठीक आहे. मग शटर स्पीड बघा, उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंद तरी हवा. एवढं करूनही आकडे पुसट असतील तर सर्व्हिस सेंटर गाठा.

लग्नात फोटोवर आडवे पट्टे येतात ही तक्रारही अशीच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर लावा, शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा. काही एलईडी पडदे तरीही छळतात, तिथे शटर थोडं थोडं बदलून बघण्याशिवाय इलाज नाही.

फ्लॅश पेटत नसेल तर मात्र दोष खरंच बॉडीच्या रचनेत असू शकतो. हॉट शूकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेकडे, वरून बघा. मधोमध एक मोठा गोल ठिपका दिसायला हवा. कॅननच्या ३००० डी आणि २०० डी मार्क २ वर तो नाही, त्यामुळे साधे मॅन्युअल ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारी उपकरणं) त्यांवर चालत नाहीत. कॅननच्या आर५० वर कंपनीचेच जुने फ्लॅश लावायला वेगळं अडॅप्टर लागतं. लग्नाची कामं करणार असाल तर पैसे देण्याआधी स्वतःचा ट्रिगर दुकानात नेऊन लावून बघा.

मित्रांकडे काय आहे हे न विचारणं

तुमच्या गटातल्या तिघांकडे निकॉन असेल तर तुमच्याकडेही निकॉन असण्यात मोठा फायदा आहे. एकाची मॅक्रो (अगदी जवळून टिपायची लेन्स), दुसऱ्याची १८०-६००, बॅटरी संपली तर तिसऱ्याची, अर्थात बॅटरी एकाच जातीची असेल तर. हातालाही विचारा. निकॉनची लेन्स कॅनन-सोनीच्या उलट दिशेने फिरवून बसते, घाईत हे नडतं. पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने मिळतात, दोन दिवस घेऊन वापरा.

बिल सोडून स्वस्तातला पीस घेणं

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फिरलात की एकाच मॉडेलचे दोन भाव ऐकू येतात, एक "कंपनीचा" आणि एक "इम्पोर्टेड". दुसऱ्यात इथल्या कंपनीची वॉरंटी नसते. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, भावातली तफावत बरीचशी तिथूनच येते. घेण्याआधी खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का ते पाहा, आणि खोक्यावरचा, बॉडीवरचा व बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना ते जुळवा. सेकंड हँड लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते. मग भाव कितीही उतरला तरी लेन्स परत काउंटरवर ठेवा.