गेम कंपनीत रुजू होण्यापूर्वी कर्मचाऱ्यांचे अनुभव कसे तपासावेत?

गेम बनवणाऱ्या कंपनीचे नियुक्तिपत्र हाती आले, की होकार कळवण्यापूर्वी तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांचे अनुभव वाचावेत. मात्र ‘वातावरण छान आहे’ किंवा ‘राजकारण फार’ असल्या मोघम शेऱ्यांवर विसंबू नये. अनुभव कोणत्या विभागातला आणि कोणत्या वर्षाचा, हे आधी पाहावे, कारण एकाच स्टुडिओत कलाविभाग वेळेवर घरी जातो, तर गेम बाजारात येण्याच्या तोंडावर चाचणी विभाग रात्रीचे जेवणही टेबलावरच उरकतो.

मुलाखतीत ‘जादा काम असते का’ असे विचारल्यास गुळमुळीत उत्तरच मिळते; त्याऐवजी मागच्या गेमच्या शेवटच्या महिन्यात किती शनिवार भरले आणि बदली रजा मिळाली का, हे विचारावे.

गंभीर आरोपांबाबत प्रकरणाचा शेवटही वाचावा. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या अमेरिकी गेम कंपनीवर कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०२१ मध्ये भेदभाव व लैंगिक छळाच्या आरोपांवरून दावा लावला आणि कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निदर्शने केली. पण डिसेंबर २०२३ मधील सुमारे ५.५ कोटी डॉलरची तडजोड मुख्यतः स्त्रियांच्या वेतन-बढतीतील भेदभावाच्या आरोपांवर झाली. यावरून बाकी सारे खोटे होते असे ठरत नाही, आणि खरे होते असेही नाही.

पुण्यासारख्या शहरातील स्टुडिओ असेल, तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी बंधनकारक असलेल्या, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य कोण आहे, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.