गाडी नेमकी कधी तापते? जुन्या डिझेल एसयूव्हीचा ताप असा ओळखा

माझी पंधरा वर्षांची डिझेल एसयूव्ही आंबेनळी घाटात तापायला लागली, तेव्हा मी सगळ्यांचं ऐकलं. एकाने रेडिएटर बदलला. दुसऱ्याने वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली. तिसऱ्याने "वॉल काढून टाका, पाणी मोकळं फिरू दे" म्हणत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, काढून माझ्या हातात ठेवला. एवढं झाल्यावर जी गाडी फक्त घाटात तापायची, ती कात्रजच्या ट्रॅफिकमध्येही तापू लागली. पैसे गेले ते गेलेच, वर दुखणं वाढलं.

चूक माझीही होती. गाडी नेमकी कधी तापते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. पुढे दिलेला तपासणीचा क्रम बोलेरो, सुमो, जुनी सफारी, क्वालिस, स्कॉर्पिओ अशा कुठल्याही पाण्यावर थंड होणाऱ्या जुन्या गाडीला चालेल. स्वस्त आणि वरवर दिसणाऱ्या गोष्टी आधी, इंजिन उघडायची वेळ सगळ्यात शेवटी.

सुरू करण्यापूर्वी

गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. दाब सुटला की ते क्षणात उकळून हातातोंडावर उडतं. निदान पाऊण तास थांबा, वरचा होज पाईप हाताने दाबून मऊ लागतोय का बघा, मग जाड फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवा. पंख्याजवळ हात घालताना किल्ली खिशात ठेवा. सांडलेलं कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, लगेच पुसा. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते विषारी असतं.

१. आधी वही काढा

आठवडाभर नोंद ठेवा: तापमानाचा काटा कधी चढला, एसी चालू होता का, गाडीत किती माणसं होती, वेग किती होता, आणि काटा कशाने उतरला. यातून अर्धं निदान होतं.

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की उतरते, तर हवा कमी पडतेय. पंखा, त्याचं आवरण आणि जाळी बघा. गावात ठीक, पण हायवेवर ऐंशी-नव्वदला तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. अशा वेळी संशय चोक झालेल्या रेडिएटरवर, वॉटर बॉडीवर किंवा आत ओढल्या जाणाऱ्या खालच्या पाईपवर. सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा वर, तर पाणी कमी आहे, एअर धरलीय (पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय) किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. आणि हिवाळ्यात दहा किलोमीटर गेल्यावरही काटा तळाशीच, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

फक्त घाटात तापणं हे सगळ्यात फसवं लक्षण. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यात जातो. चढावर डिझेल जास्त जळतं, पण गाडी दुसऱ्या गिअरवर रांगत असल्याने समोरून हवा नाही. त्यामुळे सपाटीवर लपलेला प्रत्येक दोष तिथे उघडा पडतो.

२. काटा खरं बोलतो का?

जुन्या गाडीत काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सरची वायर सैल, अर्थिंगची वायर गंजलेली, एवढ्यानेही काटा नाचतो. शिवाय पाणी पूर्ण संपलं की सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. चढलेला काटा अचानक पडला तर खूश होऊ नका, गाडी थांबवा.

खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो चुकीचं, बहुधा कमी, तापमान दाखवतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर मोजा. गरम झालेल्या निरोगी इंजिनला तिथे साधारण ८० ते ९५ अंश दिसतात. काटा लाल पट्ट्यात आणि थर्मामीटर ८५ म्हणतोय, तर आजार गाडीला नाही, मीटरला आहे.

३. थंड गाडीत: पाणी, झाकण, पाईप

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. झाकण उघडून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे ना ते बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं झालं तर झाकणच खराब असण्याची शक्यता मोठी.

या झाकणाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा स्वस्त भाग सहसा कुणी बदलत नाही. त्याच्या आत स्प्रिंगचा एक वॉल्व्ह असतो, तो पाण्यावर ठरावीक दाब राखतो. बऱ्याच गाड्यांत हा दाब ०.९ ते १.१ बार असतो आणि झाकणावर छापलेला असतो. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला ११८ अंशांच्या आसपास उकळतं. आता झाकणाचं रबर फाटलंय असं समजा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे दाबाविना पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे अनेक थर्मोस्टॅट जेमतेम पूर्ण उघडतात तेव्हाच. इंजिनात काही दोष नसताना वर पोहोचेपर्यंत गाडी चहाच्या किटलीसारखी वाफा सोडते.

झाकणात दुसरा छोटा वॉल्व्ह असतो, गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारा. तो अडकला तर सकाळी वरचा पाईप चपटा झालेला दिसतो. झाकण बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण घालून जुन्या पाईपांची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही.

पाईप हाताने दाबून बघा. भेगा, फुगवटा, क्लिपजवळ पांढरट-हिरवट पापुद्रा ही गळतीची खूण. नंतर मदतीला कुणी असेल तर गरम इंजिन रेस करायला सांगा आणि खालच्या पाईपकडे बघा. तो पंपाच्या ओढीने आत ओढला जात असेल, तर वेगात पाणी तुटतंय.

४. हवा: जाळी, पंखा आणि विसरलेलं आवरण

माझ्या गाडीचं मूळ इथेच सापडलं.

आधी जाळी. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोघांमधल्या फटीत धूळ, किडे, कापसाचा भुसा, चिखल असं सगळं साठतं. पुढून बघून काही कळत नाही. टॉर्च लावून फटीत डोकवा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, आणि प्रेशर वॉशरचा जोर कमी ठेवा, नाहीतर पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची बंद होते.

मग पंखा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो बेल्टवर फिरतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग असतं. त्यात सिलिकॉन तेल असतं आणि पुढे एक द्विधातूची पट्टी. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी वळते, तेल आत सोडते आणि पंखा घट्ट पकडला जातो. थंड इंजिन बंद ठेवून पंख्याला हाताने झटका द्या. थोडा अडखळून थांबला तर ठीक. भिंगरीसारखा दोन-तीन फेरे फिरला तर कपलिंग गेलं. मधल्या भागावर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर पुरावाच मिळाला. विजेचा पंखा असेल तर सोपं आहे: इंजिन सुरू ठेवून एसी लावा, पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा.

शेवटी पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, श्राउड. ते नसलं की पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. माझं कपलिंग आधीच ढिलं होतं, म्हणून घाटात ताप. रेडिएटर बदलताना श्राउड परत बसवलाच नाही, म्हणून ट्रॅफिकमध्येही ताप. तो नंतर गॅरेजच्या मागे भंगारात सापडला.

५. थर्मोस्टॅट काढू नका, उकळून बघा

"आपल्याकडे गरम हवामान, थर्मोस्टॅट कशाला" हा सल्ला हमखास मिळतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागच्या टोकाने बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की ती वाट उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात जातं. आणि हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त जातं.

तपासायला पातेलं पुरे, फक्त ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी १०० अंशांच्या पुढे मोजणारा थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याला, बहुधा ८२ किंवा ८८, तो हलायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत आठेक मिलिमीटर उघडला पाहिजे. नवा बसवतानाही आधी असाच उकळून बघा. डबीतून खराब निघालेला मी पाहिलाय.

६. रेडिएटर आणि वॉटर बॉडी

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वरच्या आणि खालच्या पाईपचं तापमान मोजा. फरक दोन-तीन अंशच असेल तर रेडिएटरमधली उष्णता हवा नेत नाही, चौथ्या पायरीवर परत जा. फरक वीस-पंचवीसच्या पुढे असेल तर पाणी फार हळू वाहतंय. मग इंजिन बंद करून लगेच जाळीवर थर्मामीटर फिरवा; मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या चोक आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं की क्षार बसतातच. पितळी रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येतं. प्लॅस्टिक टाकीच्या अॅल्युमिनियम रेडिएटरला मात्र बदलणंच परवडतं.

वॉटर बॉडीच्या खाली एक छोटं भोक असतं. तिथून थेंब पडत असतील किंवा पुली हाताने हलत असेल तर सील-बेअरिंग गेलं.

७. हेड गॅस्केट

इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. ते गेल्याची लक्षणं अशी: गळती कुठेच नाही, तरी गाडी पाणी पिते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक. झाकण काढून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. मात्र पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही साय नुसत्या दमटपणानेही येते, म्हणून ऑइल मोजायची डिपस्टिकही बघा. खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी करून घ्या: ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं आणि डिझेलमध्ये हिरवं होतं. हेड उतरवलंच तर ते सपाट आहे का हे मोजल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.

घाटात काटा चढलाच तर

एसी बंद, हीटर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबून इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. मात्र वाफ येत असेल, पाणी सांडलेलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर तत्काळ बंद करा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

परत भरताना

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. रंगावरून प्रकार ठरवू नका, डबीवरचं वाचा. गाडीचं तोंड चढावर करून, हीटर उघडून, झाकण काढून थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाते, तेव्हा भरा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघा.

दुरुस्तीची खरी परीक्षा त्याच घाटात, तेवढ्याच माणसांसह. नवं कपलिंग आणि जुना श्राउड बसवून मी पोलादपूरहून वर निघालो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पुढून घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला. बायको दचकून म्हणाली, "अहो, आता काय मोडलं?" मी काट्याकडे पाहिलं. तो अर्ध्यावर होता. मोडलं काही नव्हतं, पंख्याने पकड घेतली होती.