साताऱ्याहून युरोपला : नातेवाइकांकडे उतरून जुनी शहरे पाहताना

युरोपात भाचा किंवा मेहुणी राहते म्हणजे निम्मा खर्च वाचला, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. राहण्याचा खर्च वाचतो हे खरे. परंतु यजमानांनाच वाटाड्या, चालक आणि दुभाषी करून टाकले, तर चार दिवसांत ते दमतात आणि आठ दिवसांत आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. मी आणि सौ. साताऱ्याहून निघून जर्मनीतील न्यूरेंबर्गला भाच्याकडे सोळा दिवस आणि बेल्जियममधील गेंटला मेहुणीकडे आठ दिवस राहून आलो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, नातेवाइकांचे घर हा तळ मानावा आणि शहरे मात्र आपली आपण, मोजकीच आणि सवडीने पाहावीत. पुढील सूचना त्या दृष्टीने वाचाव्यात.

प्रवासासाठी मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. तेव्हा तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सकाळी घाई न करताही पूर्ण दिवस हाती लागतो. सप्टेंबरची हवाही चांगली असते. पण गौरी-गणपती सोडून जाण्याची तयारी घरात कोणाची असते? मे-जूनमध्ये एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. न्यूरेंबर्ग ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या वेळी शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. यजमानांची मुले शाळेत जाणारी असतील तर त्यांचा स्वतःचा बेत ठरलेला असू शकतो आणि गाड्यांनाही गर्दी असते.

व्हिसाची तयारी किमान चार महिने आधी सुरू करावी. जर्मनी, बेल्जियम यांच्यासह २९ देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात मुक्काम सर्वांत मोठा, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे गेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस लागत असले, तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक असावी, त्यात दोन पाने कोरी असावीत आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा. साठी ओलांडलेल्यांनी विमा घेताना रक्तदाब व मधुमेह लपवू नये. दावा नाकारला जाण्याचे ते सोपे निमित्त ठरते.

नातेवाइकांकडे जाणाऱ्यांची खरी कसोटी कागदांच्या साखळीत लागते. जर्मनीतील यजमान आपला खर्च उचलणार असतील, तर त्यांनी ते राहतात तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढावे लागते. त्याचे शुल्क २९ युरो आहे, पण तेथील भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. म्हणून तिकिटांच्या आधी हमीपत्राचे काम त्यांच्या कानावर घालावे. आपल्याकडील नावांच्या पद्धतीमुळे नाते सिद्ध करणेही वाटते तितके सरळ नसते. बहिणीचे लग्नानंतरचे नाव वेगळे आणि भाच्याचे आडनाव वेगळे, तेव्हा ‘हा माझा भाचा’ हे दाखवण्यासाठी बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि भाच्याचा जन्मदाखला असे दुवे जोडलेले बरे. मेहुणीच्या बाबतीत पत्नीच्या माहेरच्या नावाचा कागद शोधावा लागतो, आणि तो नेमका ट्रंकेच्या तळाशी असतो. गावी परतण्याची कारणे दाखवण्यासाठी निवृत्तिवेतनाचा आदेश, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचा तपशील आणि जमीन असल्यास सातबारा जोडावा. सातबारा मराठीत असल्यामुळे त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते.

सामानात सातारकरांचा हात पहिल्यांदा कंदी पेढ्यांकडे जातो आणि तेथेच तो आवरावा लागतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप हे सर्व त्यात आले. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून हापूसची पेटी बरोबर घेण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी सांगलीची हळद व भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोडा मसाला हे पदार्थ सीलबंद पाकिटांत न्यावेत. परदेशात राहणाऱ्याला त्यांचे अप्रूप पेढ्यांपेक्षा कमी नसते, हे भडंगाचे पाकीट दोन दिवसांत संपले तेव्हा कळले. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत.

मुंबईहून सुटणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर असतात. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००.४० असेल, तर साताऱ्यातून ११ तारखेला दुपारीच निघावे लागते. वाटेत पुणे आणि खंडाळ्याचा घाट आहे हे विसरू नये. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व छायाचित्र संगणकावर नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे, म्हणून फ्रँकफर्टहून पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवावेत. पैशांसाठी फॉरेक्स कार्ड पुरते. परंतु जर्मनीत लहान बेकरी, स्वच्छतागृह आणि बाजारातील गाळे यांसाठी नाणी व सुटे युरो जवळ हवेतच.

यजमानांच्या घरी पहिल्याच संध्याकाळी कॅलेंडर समोर घेऊन बसावे. कोणते दिवस सर्वांनी मिळून घालवायचे आणि कोणते दिवस आपण दोघांनीच बाहेर जायचे, हे तेव्हाच ठरले की पुढे कोणालाच संकोच राहत नाही. आम्ही शनिवार-रविवार कुटुंबासाठी ठेवले आणि मधल्या दिवसांत दोघेच फिरलो. स्वयंपाकाची जबाबदारी आठवड्यातून दोन-तीनदा आपण घ्यावी, मात्र फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी. जर्मन घरांत धूरसूचक यंत्र असते आणि मोहरी-हिंगाच्या खमंग धुरात ते भेद करत नाही. रात्री दहानंतर आवाज करू नये. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे किराणा शनिवारीच आणावा लागतो. कचऱ्याचे वर्गीकरण घरातल्या मुलांकडून शिकून घ्यावे. ती फार काटेकोर शिक्षक असतात.

न्यूरेंबर्गहून जवळची शहरे पाहण्यासाठी बव्हेरियाचे एक दिवसाचे प्रांतिक तिकीट, म्हणजे ‘बायर्न तिकीट’, उत्तम. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालते. शनिवार-रविवारी नऊची अट नसते. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहिणे बंधनकारक आहे, आणि आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते चालत नाही.

बाम्बर्ग तासाभराच्या आत येते. तेथील जुने नगरभवन चक्क नदीतील बेटावर उभे आहे, आणि बिशपने जागा दिली नाही म्हणून नागरिकांनी ते नदीत बांधले अशी आख्यायिका आहे. रेगेन्सबुर्गमध्ये डॅन्यूबवर बाराव्या शतकातील दगडी पूल आणि इ. स. १७९ मधील रोमन छावणीच्या वेशीचे अवशेष आहेत. ही दोन्ही शहरे एकेका दिवसात होतात.

तटबंदीच्या आत वसलेल्या रोटेनबुर्ग या जुन्या गावी मात्र एक रात्र मुक्काम करावा. न्यूरेंबर्गहून आन्सबाख आणि श्टायनाख येथे गाडी बदलून तेथे जाता येते. दिवसा या गावात पर्यटकांच्या बसगाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते आणि पाहणाऱ्याला ते सजवलेले बाहुलीघर वाटण्याची शक्यता असते. संध्याकाळी सहानंतर बसगाड्या निघून गेल्या की गाव आपले होते. तेव्हा तटबंदीवर चढावे. तटाच्या आतल्या अंगाने छपराखालून लाकडी-दगडी वाट जाते आणि भिंतीत जागोजागी नावे कोरलेले दगड दिसतात. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बाँबहल्ल्यात गावाचा पूर्व भाग आणि तटाचा मोठा तुकडा कोसळला. पुढे जगभरातील लोकांनी देणग्या देऊन तो पुन्हा उभा केला, त्यांची ही नावे. आपल्या अजिंक्यताऱ्याच्या ढासळत्या तटावरून फिरलेल्या माणसाला ती भिंत पाहताना जरा हेवा वाटतोच. रात्री आठच्या सुमारास कंदील घेतलेला गस्तवाला इंग्रजीतून गावाची हकिकत सांगत फिरवतो. त्याच्याबरोबर अवश्य जावे. रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, म्हणून चाकांची मोठी बॅग भाच्याकडे ठेवून पाठीवरची पिशवीच न्यावी आणि चपलांऐवजी जाड तळव्याचे बूट घालावेत.

शाकाहारी माणसाने जेवताना बटाट्याच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारून घ्यावे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेल्या बटाट्यांबरोबर ती चांगली लागते. नुसते पाणी मागितले तर वायूयुक्त पाणी येते, तेव्हा ‘बिनवायूचे’ असे स्पष्ट सांगावे.

गेंटला जाताना संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे. आमची गाडी उशिरा पोहोचल्याने कोलोनला ब्रसेल्सची पुढची गाडी चुकली. परंतु तिकीट एकच असल्याने नंतरच्या गाडीने जाता आले. पोहोचायला साठ मिनिटे उशीर झाल्यास भाड्याचा २५ टक्के आणि दोन तास झाल्यास ५० टक्के परतावा मागता येतो. मधल्या दोन तासांत स्थानकाला लागूनच असलेले, १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पूर्ण झालेले कॅथेड्रल आम्ही पाळीपाळीने पाहिले, कारण मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. गेंटहून ब्रुज अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तेथील ८३ मीटर उंच घंटाघराच्या ३६६ पायऱ्या अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या आहेत. सज्जनगड दम न लागता चढणाऱ्यानेच ते मनावर घ्यावे. सौ. वर गेल्या, मी खाली चौकात कॉफी घेत बसलो.